बजेट काठावर आहे: तीन गेमिंग लॅपटॉप उरलेत, कुठला घेऊ?

काठावरची

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसतं वाचतेय, आज पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

इंजिनिअरिंगला प्रवेश झालाय, लॅपटॉप लागणारच. आणि लागणारच आहे तर गेम चालणारा घेऊ, असा माझा आणि धाकट्या भावाचा कट आहे. घरून ठरावीक रक्कम मिळाली, शिकवण्यांचे साठवलेले पैसे त्यात घातले. आकडा मुद्दाम लिहीत नाही, भाव दर सेलला हलतात. एवढंच धरून चला की आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डवाले लॅपटॉप हाताला लागता लागता राहतात, आणि ताणून तिथपर्यंत जायची सोय नाही.

चाळून चाळून तीन उरलेत.

अ: इंटेल आय५-१२४५०एच, आरटीएक्स ३०५० (४ जीबी), १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. तिघांत स्वस्त.

ब: रायझन ७ ७७३५एचएस, आरटीएक्स ४०५० (६ जीबी), १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी. पातळ, देखणा, पावणेदोन किलो. घेतला तर खिसा पूर्ण रिकामा.

क: इंटेल आय५-१३४२०एच, आरटीएक्स ४०५० (६ जीबी), ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. जाडजूड, अडीच किलोच्या आसपास, दिसायला अगदीच ठोकळा. ब पेक्षा स्वस्त, थोडे पैसे उरतात.

तिघांची स्क्रीन १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी.

व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ रोजचे. सायबरपंक २०७७ आणि एल्डन रिंग इतकी वर्षं फक्त दुसऱ्यांच्या व्हिडिओत बघितलेत, ते स्वतः खेळायचेत. कॉलेजसाठी कोडिंग आणि थोडं कॅड.

मन 'ब'वर बसलंय. ब आणि क मध्ये ग्राफिक्स कार्ड एकच, शिवाय ब मध्ये रॅम दुप्पट, एसएसडी दुप्पट, वजन कमी, प्रोसेसर 'रायझन ७'. मला यात तोटाच दिसत नाहीये, म्हणूनच भीती वाटतेय.

तिसरीघंटा

क. कारणं सांगायला वॉटवाला येतीलच.

वॉटवाला

आलो.

भाऊ, भीती वाटतेय ते बरंच आहे. "ग्राफिक्स कार्ड एकच" या तीन शब्दांत सगळी मेख आहे. लॅपटॉपच्या कार्डाचं नाव म्हणजे नुसतं आडनाव. एका आडनावाची दोन माणसं एका ताकदीची असतील असं कोणी सांगितलं?

आरटीएक्स ४०५० ला ते बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या स्वतःच्या तक्त्यात ३५ ते ११५ वॉट एवढी मोकळीक आहे. त्यातले किती द्यायचे हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो, आणि तो ठरवतो आत उष्णता बाहेर काढायला जागा किती आहे ते बघून. पातळ अंगात दोन लहान पंखे आणि बारीक हीटपाइप, म्हणजे वॉट कमी. जाड अंगात वॉट जास्त. स्टिकर मात्र दोघांवर तोच, तितकाच चकचकीत.

पूर्वी निदान नावावरून कळायचं. २०१७ पासून कमी वॉटच्या कार्डांना 'मॅक्स-क्यू' असं शेपूट असायचं. २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिका लॅपटॉपमध्ये आली आणि ते शेपूट कार्डाच्या नावातून गेलं. आता गिऱ्हाइकानेच शोधायचं.

शोधायचं कुठे? दुकानाच्या पानावर नाही. बनवणाऱ्याच्या साइटवर त्या मॉडेलची सविस्तर स्पेसिफिकेशनची पीडीएफ असते, तिच्यात 'टीजीपी' किंवा 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर', म्हणजे कार्डाला मिळणारे वॉट, शोधा. बऱ्याचदा तळटीपेत असतं. "८० + २५" असं लिहिलेलं असेल तर दुसरा आकडा डायनॅमिक बूस्टचा, म्हणजे प्रोसेसरच्या वाट्यातून उसन्या वॉटचा. प्रोसेसर निवांत असेल तेव्हाच तो मिळतो, म्हणून तुलना करताना पहिल्या आकड्याला जास्त मान द्या.

आणि एक, १०० वॉटच्या पुढे ४०५० ला फार काही मिळत नाही. ११५ दिसत नाही म्हणून हळहळू नका. ५० आणि ९० मधला फरक मात्र खेळताना कळतो.

काठावरची

भाऊ नाही, ताई. :) पण चालेल.

अर्धा तास पीडीएफ चाळल्या. ब: ५० + १५. क: ८० + २५. 'अ'च्या पीडीएफमध्ये आकडाच सापडत नाहीये.

वॉटवाला

क्षमस्व ताई. ब आणि क चं उत्तर तुमच्यासमोर आहे. आणि जो आकडा शोधूनही सापडत नाही, तो मिरवण्यासारखा नसतो असा माझा तरी अनुभव.

उंटावरून

माझं ऐका, गेमिंग लॅपटॉप ही जातच फसवी आहे. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जोडा, कॉलेजला एखादा साधा जुना लॅपटॉप न्या. लॅपटॉपमधलं ४०७० सुद्धा डेस्कटॉपच्या ४०७० सारखं नसतं. डेस्कटॉपवाल्याला १२ जीबी मेमरी, लॅपटॉपवाल्याला ८. कोअर ५८८८ विरुद्ध ४६०८. नाव तेच!

काठावरची

तुमचं पटतंय, पण हॉस्टेलच्या खोलीत तिघी आहोत आणि टेबल एक. सुट्टीत घरी येताना डेस्कटॉप उचलून कसा आणू?

उंटावरून

बरं. मग ठीक. मी शेळ्या हाकायचं थांबवतो.

दीडशहाणी

वॉटवाल्यांचं सगळं खरं आहे, तरी ब ची बाजू कोणीतरी घ्यायलाच हवी, म्हणून मी घेते.

मी चार वर्षं अडीच किलोचा लॅपटॉप पाठीवर वाहिला. अडीच किलो हा अर्धाच हिशेब. या लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर विटेएवढा असतो, तो धरून सव्वातीन होतात. तिसऱ्या महिन्यात मी तो वर्गात न्यायचं सोडून दिलं आणि मोबाइलवर नोट्स काढायला लागले. तेव्हा प्रश्न असा: रोज न्यायचाय, की खोलीवरच राहणार?

रोज न्यायचा असेल तर 'क'ला टाइप-सी मधून चार्जिंग होतं का बघ. पोर्ट असणं आणि त्यातून चार्जिंग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पीडीएफमध्ये 'पॉवर डिलिव्हरी' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. असेल तर ६५ किंवा १०० वॉटचा छोटा चार्जर दप्तरात, आणि वीट खोलीवर. त्या चार्जरवर गेम नीट चालणार नाही, पण वर्गात गेम खेळायचाही नसतो (असं म्हणतात).

बॅटरीवर गेम खेळू असं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाक. अ, ब, क कुठलाही घे, प्लग काढला की कार्डाचे वॉट खाली येतात, कारण तेवढी वीज झटक्यात द्यायला बॅटरी बनलेलीच नसते.

काठावरची

लॅब असेल त्या दिवशी न्यावा लागेल, आठवड्यातून दोनदा. क मध्ये पॉवर डिलिव्हरी लिहिलंय, १०० वॉट.

तिसरीघंटा

मग वजनाचा मुद्दा निकालात.

दुपारची_झोप

अ बद्दल कोणीच बोलत नाहीये, तर दोन ओळी. ४ जीबीच्या कार्डाच्या वाटेला २०२२ नंतरचे मोठे गेम खेळायचे असतील तर जाऊ नका. कार्डाची मेमरी भरली की उरलेलं टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) साध्या रॅममध्ये जाऊन बसतं, तिथून ते पीसीआयच्या वाटेने हळूहळू येतं, आणि तेवढ्यात गेम आचका देतो. सरासरी फ्रेम छान दिसतात, पण वळलं की अडकतं. हा त्रास सेटिंग कमी करून पूर्ण जात नाही.

व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक मात्र अ वर मजेत चालतील. तेवढेच खेळायचे असते तर मी अ घे आणि उरलेल्या पैशांत चांगला माऊस आणि हेडफोन घे म्हणालो असतो.

आता कटू सत्य. ६ जीबी सुद्धा काठावरचंच आहे. २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'च्या किमान गरजेतच ८ जीबीचं कार्ड आहे. २०२५ च्या 'डूम: द डार्क एजेस'चंही तेच. दोन्हींना रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून उजेड-सावली काढण्याचं) हार्डवेअर सक्तीचं, म्हणजे जुनी जीटीएक्स कार्डं तर दारातूनच परत.

काठावरची

म्हणजे ४०५० घेऊनही वर्षभरात पस्तावणार? मग थांबू का?

वॉटवाला

थांबायचं म्हटलं तर माणूस म्हातारा होतो. २०२५ मध्ये लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ५०५० आलंय, ८ जीबी जीडीडीआर७ मेमरीसह. तुमच्या रकमेत बसणारा एखादा दिसला, आणि वॉट बरे असले, तर तो क च्या आधी. एकदा शोधून बघा. नाही बसला तर क.

दुपारची_झोप यांनी नावं घेतलेले गेम तुमच्या यादीत आहेत का? नाहीत. सायबरपंक २०२० चा. फुल एचडी, टेक्श्चर मीडियम, डीएलएसएस (लहान चित्र काढून ते एआयने मोठं करायची सोय) क्वालिटीवर, रे ट्रेसिंग बंद. ६ जीबीमध्ये छान बसतो. ४० मालिका असल्याने फ्रेम जनरेशनही मिळतं, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये कार्ड स्वतः एक बनवून घालतं. पण ते मूळच्या फ्रेम पन्नास-साठ येत असतील तेव्हाच लावा. मूळ तीसवर लावलं तर आकडा साठ दिसतो आणि माऊस चिखलातून फिरतोय असं वाटतं. शिवाय त्याला स्वतःलाही थोडी मेमरी लागते, हे ६ जीबीवाल्यांनी विसरू नये.

दुपारची_झोप

मान्य. आणि एल्डन रिंगची तर काळजीच नको. तो गेम मुळातच ६० फ्रेमवर बांधलेला आहे, कितीही महागडं मशीन आणा, ६० च्या वर जात नाही.

पंखा_फुल्ल

विंडोज नसलेलं मॉडेल मिळतं का बघा. पैसे वाचतात. लिनक्स टाका, स्टीमवरचे बरेच विंडोजचे गेम प्रोटॉन नावाच्या सोयीने तिथे चालतात, मी दोन वर्षं तेच करतोय.

तिसरीघंटा

व्हॅलोरंट रोजचा आहे म्हणाल्यात त्या. त्याचं व्हॅनगार्ड, म्हणजे फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर, लिनक्सवर चालत नाही. विंडोज ११ वर सुद्धा टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असल्याशिवाय आत घेत नाही.

पंखा_फुल्ल

हो की. यादी नीट वाचली नव्हती. प्रतिसाद मागे.

स्क्रूड्रायव्हर

सगळे कार्डाभोवती फिरताहेत आणि क चं खरं दुखणं बाजूला राहिलंय. ८ जीबी रॅम. तीही बहुधा एकाच पट्टीत.

दोन वेगळे तोटे आहेत. पहिला सरळ: विंडोज, ब्राउझर, डिस्कॉर्ड आणि गेम मिळून ८ जीबी पुरत नाही. दुसरा लपलेला: पट्टी एकच असेल तर रॅम सिंगल चॅनलवर चालते, म्हणजे प्रोसेसरकडे माहिती जायचा रस्ता निम्म्या रुंदीचा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइकसारखे गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतात, तिथे हे नेमकं बोचतं. शंभराच्या वर फ्रेम दिसत असतात आणि मध्येच एखादी खड्ड्यात जाते.

म्हणून क घेतलात तर उरलेले पैसे रॅमसाठी बाजूला काढा. नंतर बघू म्हणू नका, त्याच दिवशी. पण त्याआधी तीन गोष्टी तपासा.

रिकामी खाच आहे का? हे मी माझ्या पैशांनी शिकलोय. मागचा लॅपटॉप घेताना "रॅम वाढवता येते" असं विकणाऱ्याने सांगितलं, मी मान डोलावली. घरी येऊन झाकण उघडलं तर सगळी रॅम बोर्डावरच डकवलेली. वाढवता येते म्हणजे, जास्त रॅमचं मॉडेल विकत घेता येतं, असा त्याचा अर्थ असावा! स्पेसिफिकेशनमध्ये 'एलपीडीडीआर' असं दिसलं की समजा डकवलेली आहे. ब मध्ये हेच असण्याची दाट शक्यता, बघून घ्या. तिथे १६ आहे ती कायमची १६.

डीडीआर४ की डीडीआर५? १३४२०एच दोन्ही प्रकारांवर चालतो, त्यामुळे एकाच प्रोसेसरच्या दोन मॉडेलांत वेगवेगळी रॅम असू शकते. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, खाचेचा काप वेगळ्या ठिकाणी असतो. जोर लावू नका.

झाकण उघडलं तर वॉरंटी राहते का? काही कंपन्या चालवून घेतात, काही सेवा केंद्रातच बसवा म्हणतात. लेखी विचारा, ईमेलवर. तोंडी 'हो' ला काही किंमत नाही.

एसएसडीची दुसरी खाच आहे का तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. ५१२ जीबी विंडोजमध्ये ४७६ दिसते. एकटा बाल्डर्स गेट ३ किमान गरजेत १५० जीबी मागतो. पण एसएसडी पुढच्या वर्षी टाकली तरी चालते, रॅमचं तसं नाही.

निवांत_वाचक

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी.

दीडशहाणी

रायझन ७ विरुद्ध आय५ चा निकाल कोणी लावला नाही. सात मोठा की पाच, एवढंच बघायचं असतं का?

वॉटवाला

नसतं. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा, तो पिढी सांगतो. ७८४०एचएस मध्ये तिसरा ४, म्हणजे झेन ४ (झेन हे रायझनच्या आतल्या रचनेचं नाव). ७७३५एचएस मध्ये ३, म्हणजे झेन ३ प्लस, २०२२ चाच माल नव्या नावाने. त्याच मालिकेत ७५२०यू आहे, तिसरा २, म्हणजे झेन २, जी पिढी २०१९ मध्ये आली. पहिला आकडा ७ बघून सगळे नवे वाटतात.

असं असलं तरी ७७३५एचएस वाईट नाही, ८ कोअर आणि १६ थ्रेड आहेत. १३४२०एच मध्ये ४ मोठे आणि ४ लहान असे ८ कोअर, १२ थ्रेड. कोड कंपाइल करताना ब थोडा पुढे राहील. गेममध्ये दोघंही या कार्डाला पुरून उरतील. प्रोसेसरवरून निवड करायची वेळ इथे येत नाही.

जुना_चार्जर

वापरलेल्याचा विचार केलाय का? २०२१-२२ मधले आरटीएक्स ३०६० वाले बरेच जण आता विकताहेत. लॅपटॉपच्या ३०६० मध्ये ३८४० कोअर, मेमरी ६ जीबीच पण १९२ बिटची वाट, ४०५० ला ९६ बिट. पूर्ण वॉटचा ३०६० हा ४०५० च्या खांद्याला खांदा लावून चालतो, फक्त फ्रेम जनरेशन नाही. पैसे खूप वाचतात.

बघायला जाताना पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड आणि एचडब्ल्यूइन्फो (कार्डाची माहिती आणि तापमान दाखवणारी सॉफ्टवेअरं) घेऊन जा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढा, मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी शेजारी छापून येते. निम्मी उरली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे वजा करून बोला. एखादा जड गेम वीस मिनिटं चालवा, पाच नाही, वीस. उष्णतेचे रोग पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाहीत. स्क्रीन पांढरी आणि मग काळी करून ठिपके बघा. झाकण दहादा उघडा-मिटा, बिजागरीजवळचं प्लास्टिक उचललं जातंय का बघा. बायोसला पासवर्ड असेल तर गोड बोलून निघून या.

काठावरची

मला चाललं असतं, पण घरून मिळालेल्या पैशांना 'नवीन आणि वॉरंटीसकट' अशी अट चिकटलीय. ती मोडायची माझी हिंमत नाही.

जुना_चार्जर

अट रास्त आहे. पहिलाच लॅपटॉप, चार वर्षं काढायचीत. मीही माझ्या मुलीला तेच म्हणालो असतो.

पंखा_फुल्ल

मगाचची भरपाई म्हणून थोडं कामाचं लिहितो.

क घ्या, पण खोलीत तिघी आहात ना? ८० + २५ वॉट म्हणजे पंख्याचा आवाज. रात्री दोन वाजता शेजारणी उठतील. उपाय आहेत. व्हॅलोरंटमध्ये फ्रेमला वेसण घाला: स्क्रीन १४४ ची असेल तर १४० ला बांधा, तीनशे काढून फक्त उष्णता मिळते. लॅपटॉपची मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा, हवा खालून आत जाते, गादीवर ठेवलात की ती वाट बंद. याने जेवढा फरक पडतो तेवढा स्वस्तातल्या कूलिंग पॅडनेही पडत नाही.

कार्डाला एमएसआय आफ्टरबर्नरमधून अंडरव्होल्ट करता येतं, तीच गती कमी व्होल्टेजवर. या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचं मात्र बऱ्याच लॅपटॉपांत कुलूपबंद असतं, त्याच्या नादी लागू नका. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसर ९९ टक्क्यांवर ठेवला की टर्बो (जास्तीची गती) बंद होतो आणि तापमान धाडकन उतरतं, ही युक्ती सगळीकडे फिरते. एल्डन रिंगसारख्या ६० वाल्याला करून बघायला हरकत नाही. व्हॅलोरंटला करू नका, तिथे प्रोसेसरची गतीच हवी असते.

प्रोसेसर नव्वदीत गेलेला दिसला तर घाबरून धागा काढू नका. लॅपटॉपमध्ये ते चालतं. शंभराला टेकून गती पडत असेल तर काढा.

आणि कायम प्लगवर राहणार असेल तर चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, पहिल्या दिवशी लावून टाका.

दीडशहाणी

एक शेवटचं, मग मी गप्प बसते. क ची स्क्रीन बघितलीस का? १४४ हर्ट्झ सगळे ठळक छापतात, रंगांचं कोणी बोलत नाही. '४५ टक्के एनटीएससी' (एनटीएससी आणि एसआरजीबी ही रंग मोजायची मापं) असं लिहिलं असेल तर रंग फिके दिसतील, लाल हा विटकरी वाटतो. एसआरजीबीच्या हिशेबात ते साधारण साठ-पासष्ट टक्के. कोडिंग, कॅड, व्हॅलोरंट यांना काही फरक पडत नाही. फोटो-व्हिडिओचं काम करणार असशील तर पडतो.

काठावरची

४५ टक्केच आहे. :( ब मध्ये १०० टक्के एसआरजीबी. फोटोचं काम नाही माझं, पण सायबरपंकचे ते निऑनचे दिवे...

वॉटवाला

दिवे फिके दिसतील की अडखळत दिसतील, एवढीच निवड आहे ताई. फिके असले तरी पुढेमागे बाहेरचा मॉनिटर जोडता येतो. वॉट बाहेरून जोडता येत नाहीत.

तिसरीघंटा

हे छापून भिंतीवर लावा.

काठावरची

(नऊ दिवसांनी)

मंडळी, धागा वर काढतेय. ५०५० वाला एक दिसला होता, पण आवाक्याबाहेर. क घेतला. कंपनीला ईमेल केलं, उत्तर आलं: रॅमच्या दोन खाचा, एक रिकामी, एसएसडीची दुसरी खाचही आहे, आणि आपण स्वतः रॅम घातली तर वॉरंटी जात नाही, फक्त त्या पट्टीची जबाबदारी त्यांची नाही. स्क्रूड्रायव्हर काका, तो ईमेल जपून ठेवलाय.

डीडीआर५ निघाली. तशीच ८ जीबीची दुसरी पट्टी घेतली. झाकणाचे दहा स्क्रू, दोन बाकीच्यांपेक्षा लांब, कुठला कुठे हे भावाने कागदावर काढून ठेवलं म्हणून निभावलं. पट्टी तिरकी सरकवून दाबली, टक् असा आवाज आला, जीवात जीव आला.

सायबरपंक तुमच्या सेटिंगवर साठ ते सत्तर. कार्ड ७८ अंश, प्रोसेसर ९१. धागा काढला नाही, बघा. :)

फक्त एक शंका. काउंटर-स्ट्राइकमध्ये कोपऱ्यातला आकडा दीडशेच्या वर दाखवतो, पण डोळ्यांना जुन्या लॅपटॉपसारखंच दिसतंय. भाऊ म्हणतो तुला १४४ दिसतच नाही. खरंच काहींना दिसत नाही का?

स्क्रूड्रायव्हर

पट्टी बसवल्याबद्दल अभिनंदन. सेम टू सेम घेतलीत, उत्तम केलंत.

वॉटवाला

दिसतं, सगळ्यांना दिसतं. ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ ला ६.९, नुसता माऊस गोल फिरवला तरी कळतं. सेटिंग, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रिफ्रेश रेट किती दाखवतोय?

काठावरची

६०!!

पंखा_फुल्ल

मधे बॅटरीवर चालवला होता का? कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरी वाचवायला स्क्रीन ६० वर आणायचं एक बटण असतं. कधी कधी प्लग लावल्यावरही ते मागे येत नाही. ते बटणच बंद करून टाका.

काठावरची

लॅबमध्ये नेला होता परवा. बंद केलं, १४४ झालं. आता नुसता डेस्कटॉपवर माऊस फिरवत बसलेय. भावाला बोलावते.